‘वापस का आलात?’ असं विचारणाऱ्यांना

परदेशात शिकायला गेलेला मुलगा किंवा मुलगी उज्जैनला परत आली की आमच्या मराठी घरांतून पहिला प्रश्न ठरलेला असतो. वापस का आलात? विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, कारण उत्तर त्याच्याकडे तयारच असतं. व्हिसा मिळाला नसेल. नोकरी गेली असेल. तिकडचं झेपलं नसेल. लग्नाच्या मांडवात मुलाच्या आईला बाजूला घेऊन, आजाऱ्याची चौकशी करावी तशा सुरात ‘सगळं ठीक आहे ना हो?’ असं विचारणाऱ्या वहिनी मी पाहिल्या आहेत, आणि त्या आईचा उतरलेला चेहराही पाहिला आहे. मी इथे कॉलेजात शिकवते. या मुलांची शिफारसपत्रं मी लिहिली आहेत. त्यांच्या परत येण्याला हार म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो.

त्यांचं म्हणणं मी कुठेही पातळ न करता मांडते. हुशार मुलं बाहेर जातात. त्यांतली जास्त हुशार तिथे नोकरी मिळवतात. सगळ्यांत हुशार असतात ती एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा मिळवून, पुढे ग्रीन कार्ड घेऊन तिथलीच होतात. मधूनच जो माघारी फिरला तो कुठेतरी कमी पडला. त्याच्यावर घातलेले चाळीस लाख बुडाले, आई-वडिलांची मान खाली गेली, आणि आता तो इथे येऊन करणार काय? उज्जैनमध्ये ठेवलंय काय?

यातलं फारसं काही तपासणीत टिकत नाही.

सुरुवात व्हिसाच्या खिडकीपासूनच करू. अमेरिकेचा एफ-वन हा विद्यार्थी-व्हिसा ज्या कायद्याखाली मिळतो, त्याची अटच अशी आहे की अर्जदाराचं घर स्वतःच्या देशात असलं पाहिजे आणि ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नसावा. अधिकाऱ्याची याबद्दल खात्री पटली नाही तर कलम २१४-बीखाली नकार येतो, आणि असे नकार आपल्या किती घरांत आले हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत जाण्याआधी आपण पोरांकडून उत्तरं घोकून घेतो. शिक्षण पुरं झालं की परत येणार. आई-वडील उज्जैनला आहेत, घर आहे. काका प्रश्न विचारतात, मामा चुका दुरुस्त करतात. मग तोच मुलगा शिक्षण पुरं करून खरोखर परत आला, तर त्याने शब्द पाळला म्हणायचं की तो हरला म्हणायचं? की त्या घोकंपट्टीत आपण त्याला खोटं बोलायलाच शिकवत होतो? दोन्हींपैकी काहीतरी एक कबूल करावं लागेल.

आता हुशारीची गोष्ट. एच-वन-बीसाठी विद्यार्थ्याला स्वतः अर्ज करता येत नाही. त्याच्या वतीने कंपनी दर वर्षी मार्चमध्ये नोंदणी करते. कोटा वर्षाला ६५ हजारांचा, आणि अमेरिकेतल्याच विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजारांचा. मार्च २०२४च्या फेरीत पात्र नोंदण्या होत्या सुमारे ४ लाख ७० हजार, आणि निवडल्या गेल्या सुमारे १ लाख ३५ हजार. ही निवड संगणकाने काढलेली सोडत होती. तिथे कोणी गुणपत्रिका पाहिली नाही, प्रबंध वाचला नाही, मुलाखत घेतली नाही. ज्या तीन लाखांहून अधिक नोंदण्या बाजूला पडल्या त्यांमागची माणसं काय ढ होती? एकाच विद्यापीठातून एकाच वर्षी बाहेर पडलेले, एकाच कंपनीत शेजारी बसणारे दोघे. एकाचं नाव निघतं, दुसऱ्याचं नाही. मग एकाच्या घरी पेढे आणि दुसऱ्याच्या घरी सांत्वनाला माणसं. याला आपण कर्तृत्वाचा निकाल म्हणतो! आता नव्या नियमाने सोडतीत मोठ्या पगाराच्या जागांना झुकतं माप मिळतं, म्हणजे नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांची शक्यता आणखी घटली. आणि १९ सप्टेंबर २०२५ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. त्या एका रात्रीत आपल्या पोरांची बुद्धी कमी झाली का?

इंग्लंडचंही तेच. शिक्षणानंतर दोन वर्षं काम करू देणारा व्हिसा त्यांनी २०१२ साली बंद केला, आणि ज्यांनी त्याच भरवशावर कर्ज काढून प्रवेश घेतला होता ती मुलं पदवी हातात घेऊन विमानात बसली. २०२१ साली तो पुन्हा सुरू झाला. २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षच मिळणार आहे. कुशल कामगारांच्या व्हिसासाठी लागणारा किमान वार्षिक पगार एप्रिल २०२४मध्ये २६,२०० पौंडांवरून थेट ३८,७०० झाला आणि जुलै २०२५मध्ये ४१,७००. नवख्यांना यात काही सूट आहे, पण लंडनबाहेरच्या लहान शहरात पहिल्या नोकरीला लागलेल्या पोराला सूट धरूनही ती रक्कम गाठणं जड जातं. म्हणजे २०१२नंतर परतलेल्या मुलाने काही वेगळं केलं असतं तर तो टिकला असता, असं नाही. तो २०२१ला गेला असता तर त्याच गुणांवर राहिला असता. मतांच्या हिशेबाने धोरण बदलणारे परक्या देशांतले मंत्री आपल्या मुलांची लायकी ठरवणार, आणि आपण त्यावर मान डोलावणार?

यावर आमच्याकडचे जाणते लोक एक युक्तिवाद करतात, आणि तो जरा नीट ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, ‘अहो, आपण तरी कुठले इथले? आपले पूर्वज साताऱ्या-पुण्याकडून, कोकणातून आले. ते परत गेले का? गेलेल्या माणसाने तिथलंच व्हायचं, हीच आपली रीत.’ इतिहास बरोबर आहे. अठराव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात राणोजी शिंद्यांनी माळव्यात जम बसवला आणि उज्जैन त्यांचं ठाणं झालं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्यांच्यामागून कारकून आले, भिक्षुक आले, वैद्य आले. १८१०मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली तरी अनेक घरं इथेच राहिली, आणि म्हणून आज मी उज्जैनमध्ये बसून मराठीत लिहिते आहे.

पण ते लोक राज्यकर्त्यांबरोबर आले होते. त्यांना जमिनी मिळाल्या, इनामं मिळाली, चाकरीची शाश्वती मिळाली. चाकरी सुटली तर साठ दिवसांत दुसरी शोध, नाहीतर माळवा सोड, असा हुकूम त्यांच्या डोक्यावर टांगलेला नव्हता. एच-वन-बीवरच्या माणसावर तो आहे. नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस. त्याआधी, शिक्षणानंतर विद्यार्थी-व्हिसावरच काम करू देणाऱ्या ओपीटीच्या पहिल्या वर्षात बेकारीचे एकूण नव्वद दिवस भरले की संपलं. पुढे ग्रीन कार्डाची रांग. रोजगारावर मिळणाऱ्या कार्डांत कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही. भारतासारख्या देशालाही तेवढाच आणि मूठभर वस्तीच्या देशालाही तेवढाच. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वी रांगेत उभे राहिलेले आपले लोक आजही उभे आहेत. तोवर मुलं मोठी होतात, आणि एकवीस पूर्ण झाली की अनेकांचा आईबापांच्या अर्जावरचा हक्क जातो. लहानपणापासून तिथे वाढलेल्या मुलीला स्वतःचा विद्यार्थी-व्हिसा काढायची वेळ येते. राणोजींच्या काळातल्या कोणत्या कुळाने असं अधांतरी आयुष्य काढलं? त्यांचा दाखला देऊन आजच्या पोराला ‘तिथेच राहा’ म्हणणं म्हणजे त्याची परिस्थिती समजून न घेता सल्ला देणं.

करोनातला २०२१चा एप्रिल-मे आठवा. त्या दिवसांत उज्जैनला चक्रतीर्थाच्या स्मशानात काय चाललं होतं ते मी पुन्हा लिहीत नाही. वडील गेले म्हणून अमेरिकेहून धावत आलेली मुलं इथे अडकली. ४ मेपासून भारतातून येणाऱ्यांवर अमेरिकेने निर्बंध घातले, वकिलातींचं काम ठप्प, पासपोर्टवर नवा शिक्का बसेना. तिकडे बायको-मुलं, घराचं भाडं, नोकरी, इकडे हा. आणि जे आले नाहीत ते याच भीतीने आले नाहीत, त्यांनी बापाचे अंत्यविधी फोनवर पाहिले. डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा तेच झालं. ठरलेल्या मुलाखती एकाएकी कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि सुट्टीवर आलेले नोकरदार भारतात अडकून पडले. अशा आयुष्याला कंटाळून, विचार करून, हिशेब मांडून एखादा म्हणाला की मला हे नको, मी निघतो, तर तो निर्णय दुबळ्या माणसाचा असतो का? मला तर त्यात राहणाऱ्याइतकीच, कधी जास्तच, हिंमत दिसते. राहणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ज्याला राहायचं आहे त्याने सुखाने राहावं. भांडण आहे ते इथे बसून दोघांना गुण वाटणाऱ्यांशी.

पैशाचा मुद्दा तेवढा मी मान्य करते. डॉलरमधल्या फीसाठी काढलेलं कर्ज रुपयांतल्या पगारावर फेडणं कठीण असतं. घर तारण असेल तर झोप उडते. कर्ज बरंचसं हलकं करून मग ये, असा सल्ला मीही मुलांना देते. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत अशा कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, हेही सांगते. पण ही आकडेमोड आहे. हप्ता किती, पगार किती, किती वर्षं. तिच्यात लाज कुठून आली? आणि ते कर्ज काढताना विद्यापीठ कसलं आहे, अभ्यासक्रमाला मागणी आहे का, तिथल्या किती मुलांना काम मिळतं, हे विचारणारे घरात किती जण होते? बहुतेकांनी देशाचं नाव पाहून सही केली. मग तोटा झालाच तर त्याचं ओझं एकट्या पोराच्या डोक्यावर का?

‘इथे ठेवलंय काय’ हा सगळ्यांचा हुकमी सवाल. तर ऐका. उज्जैनच्या कापडगिरण्या बंद पडल्या, त्यांची जागा घेईल असा उद्योग अजून उभा राहिलेला नाही, हे मी नाकारत नाही. परतलेला संगणक अभियंता बहुधा इंदूरला, पुण्याला किंवा हैदराबादला काम करेल. परदेशी कंपन्यांची १,७०० हून अधिक तांत्रिक केंद्रं २०२४पर्यंत भारतात उभी राहिली होती आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसं काम करत होती. ज्या कंपनीत पोरगं तिकडे होतं तिचंच ऑफिस अनेकदा इकडे असतं. पण मला त्याहून महत्त्वाचं उदाहरण आमच्या गावातलंच द्यायचं आहे, आणि ‘उज्जैनमध्ये काय आहे’ असं विचारणाऱ्या उज्जैनकरांना ते माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

आगर रस्त्यावरचं आर. डी. गार्डी मेडिकल कॉलेज. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटशी, म्हणजे वैद्यकाचं नोबेल ठरवणाऱ्या संस्थेशी, या कॉलेजाचं जुनं संशोधन-सहकार्य आहे. इथल्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी पीएच.डी.साठी कॅरोलिन्स्कात नाव नोंदवलं. पदवी तिकडची, पण कामाचा विषय उज्जैन. रुग्णालयांत प्रतिजैविकं किती आणि कशी लिहून दिली जातात, खेड्यातल्या मुलांच्या पोटातल्या जंतूंवर कोणती औषधं चालेनाशी झाली आहेत, रुग्णालयाच्या सांडपाण्यात औषधाचे किती अंश आणि किती हट्टी जंतू वाहून जातात, हे त्यांनी नमुने गोळा करून मोजलं. क्षिप्रेच्या पाण्याचा, पर्वणीच्या स्नानांच्या संदर्भात, त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्या जननी एक्सप्रेसचा उपयोग कोणाला होतो हेही तपासलं. जगभरच्या नियतकालिकांत छापलेल्या या निबंधांपैकी अनेकांच्या शीर्षकातच उज्जैनचं नाव आहे.

हे काम स्टॉकहोममध्ये बसून झालं असतं का? तिथे क्षिप्रा नाही. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळी घेणारी गिऱ्हाइकं तिथे नाहीत, आणि तिथल्या प्रयोगशाळेला सकाळी रामघाटावर जाऊन बाटलीत पाणी भरता येत नाही. २०२८च्या सिंहस्थात याच नदीत कोट्यवधी माणसं बुडी मारणार आहेत. त्या पाण्यात काय आहे हे सांगू शकणारी माणसं या गावात आहेत, कारण बाहेर शिकून त्यांनी आपलं काम इथे ठेवलं. त्यांना कोणी विचारलं का, वापस का आलात?

आता मोठ्या नावांकडे येते, पण सावधपणे. आनंदीबाई जोशी १८८६मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या नेमणुकीसाठी. विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून १९३२मध्ये काशीला आले. त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर १९७२मध्ये केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा संस्थेत आणि पुढे १९८८मध्ये पुण्याला आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभारायला. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्सहून गडचिरोलीला. या सगळ्यांना आपण भाषणांतून वंदन करतो. तरीही ‘स्वखुशीने आले ते थोर, नाइलाजाने आले ते अपयशी’ असा एक भेद शिल्लक राहतो. तर मग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे पाहा. १९१७मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून यावं लागलं. ते परतणं त्यांच्या मनाविरुद्ध होतं. इथे आल्यावर बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही. तो अन्याय आजच्या कोणत्याही टोमण्याच्या पंक्तीत बसवता येणार नाही, आणि मी बसवत नाही. मी एवढंच विचारते की मुदत संपल्यामुळे परतावं लागणं हा त्या माणसाच्या बुद्धीवरचा निकाल होता का? १९२०मध्ये ते पुन्हा गेले, १९२३मध्ये डी.एस्सी. झाले आणि पुन्हा परतले.

आणि या नावांचा एक धोकाही आहे. ‘परत यायचं तर नारळीकरांसारखं काहीतरी करून दाखव’ असं म्हणणारे काही सज्जन आहेत, आणि ते पहिल्या मंडळींचेच भाऊ आहेत. का करून दाखवावं? डॅलसमध्ये राहून साधी नोकरी करणाऱ्याकडे आपण आयुका मागत नाही. मग इंदूरला साधी नोकरी करणाऱ्याकडे ती का मागायची? आपल्या गावात, आपल्या माणसांत, आपल्या भाषेत राहावंसं वाटलं हे कारण पुरेसं आहे. त्याला देशसेवेचं सर्टिफिकेट जोडायची गरज नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीने टेक्सासमध्ये एम.एस. केलं. ओपीटीची मुदत शिल्लक होती, नोकरी चालू होती. इंदूरला तिच्या आवडीचं काम मिळालं आणि ती आली. आईने लग्नाचा बायोडाटा बदलायला कित्येक महिने नकार दिला. ‘सध्या डॅलस, यू.एस.ए.’ ही ओळ तशीच ठेवून कागद फिरत राहिला. शेवटी मुलीनेच पेनाने ती खोडली आणि वर ‘इंदूर’ लिहिलं. माझ्यासमोर. त्यानंतर येणारी स्थळं निम्म्याहून कमी झाली. मुलीची पदवी तीच, पगार चांगला, स्वभाव तोच. तिची आई वाईट बाई नाही. आपण सगळ्यांनी तिला घाबरवून ठेवलं आहे. आणि आपल्याच भीतीने तिकडची कितीतरी मुलं, मन उडालेलं असताना, दिवस मोजत राहतात. कोणी पगाराविना ‘अनुभव’ घेतं, कोणी नको त्या विषयात दुसरं एम.एस. करतं, केवळ व्हिसाची तारीख पुढे सरकावी म्हणून. ‘मॅडम, घरी काय सांगू’ असे फोन मला येतात. त्या मुलांना कायदा अडवत नाही, तिकीट अडवत नाही. त्यांना उज्जैनच्या लग्नाच्या मांडवातला तो प्रश्न अडवतो.

म्हणून आपल्या मराठी समाजाच्या कार्यकारिणीला माझी जाहीर विनंती आहे. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर ‘परदेशात असल्यास व्हिसाचा प्रकार’ असा एक रकाना आहे. शिक्षण विचारा, काम विचारा, पत्रिका हवी तर तीही मागा. तो रकाना मात्र यंदाच्या छपाईला जाण्याआधी काढून टाका.